निळी तबकडी आणि अळणी आमटी

बेळगाव,
२० जुलै २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

चातुर्मासभर फोनला हात लावायचा नाही असा नियम तुम्ही घेतलात, म्हणून हे पत्र. सोबतच्या पार्सलात दोन तबकड्या आहेत. आम्ही दर रविवारी येळ्ळूरच्या बाजूच्या माळावर हा खेळ खेळतो. गोल्फच, पण चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्यांची टोपली. निवृत्त झाल्यापासून तुम्ही खुर्ची सोडत नाही अशी आईची तक्रार आहे. चिकोडीच्या हायस्कुलात तीस वर्षं पोरं पळवणाऱ्या पी. टी. मास्तरांना हे शोभत नाही.

दोन्ही लांब फेकायच्या आहेत, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका हाताला वेग जास्त लागतो. पिवळीवर सात आकडा आहे. ती बेताच्या जोरातही सरळ जाते. निळीवर बारा आहे. ती आमच्यातल्या दांडग्या साईराजची, नुसती बघायला पाठवली आहे. हात तेवढ्या वेगानं फिरला नाही तर ती डावीकडं कोसळते. तेव्हा सुरुवात पिवळीनं करा.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवा, खुर्चीवरचा तेवढा कमी करा.

तुमची ब्राह्मी


निपाणी,
५ ऑगस्ट २०२५

चि. ब्राह्मीस अ. उ. आ.

तबकड्या पोचल्या. पिवळी कपाटात ठेवली. बारा असताना सात कोण घेतो? तालुक्यात थाळीफेकीत पहिला आलेल्या माणसाला पोरीनं बालवाडीची तबकडी पाठवावी, याचा मला थोडा रागच आला.

निळी शेतातल्या मोटरघरापासून बांधावरच्या चिंचेकडं फेकतो. साठ पावलं आहेत. अजून तरी ती शेजारच्या भरमूच्या सोयाबीनमध्येच जाते. काल तो म्हणाला की मास्तर, लई वाकडं जातंय, तुम्ही उजवीकडं तोंड करून का फेकत न्हाय? मी तबकडी आणायला सोयाबीनमध्ये शिरलो.

रविवारी जिनमंदिरात चातुर्मासाला उतरलेल्या मुनी महाराजांच्या प्रवचनानंतर सगळे काही ना काही सोडत होते. कुणी चहा सोडला, कुणी गूळ. मी उभा राहिलो आणि निळी चिंचेपर्यंत सरळ जाईपर्यंत मिठाचा त्याग बोलून बसलो. लोक हसले. महाराजांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. चार दिवसांचा प्रश्न आहे. तुझी आई तेव्हापासून बोलत नाही, दोन आमट्या मात्र करते.

असाच जीव लावत जा.

तुझा आप्पा


बेळगाव,
११ ऑगस्ट २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि कपाळावर हात मारला. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिनं लघवीवाटे मीठ जातंच. महाराज स्वतः मीठ घेत नाहीत, त्यामुळे अळणी खाणं वाईट असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण ते गोळी घेत नाहीत.

निदान नीट फेका. थाळीची सवय सोडा. थाळी हात लांब ठेवून गोल फिरवून सोडतात. ही छातीजवळून सरळ रेघेत ओढायची, आणि मनगटाचा झटका अगदी शेवटी. पुढची कड वर होऊ देऊ नका. हात ताठ झाला की वेग मेला.

आणि पिवळी काढा. तुमच्या पाया पडते, पिवळी काढा.

तुमची माया आहे हे ठाऊक आहे, थोडी स्वतःवरही करा.

ब्राह्मी


निपाणी,
१ सप्टेंबर २०२५

चि. ब्राह्मीस अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं छातीजवळून ओढून पाहिलं. पहिले तीन दिवस चाळीस पावलांपर्यंत सरळ गेली, मग डावीकडं. मला वाटलं जमलं. त्यानंतर मात्र रोज अलीकडंच पडायला लागली. हातात पहिल्यासारखा जोर राहिलेला नाही. जोर नाही म्हणून ती सरळ जात नाही, आणि ती सरळ जात नाही म्हणून मीठ नाही. हे गणित मलाही कळतं गं. पिवळी फेकून काय उपयोग? बोललो ते निळीचं नाव घेऊन.

आईनं फोनवर सांगितलंच असेल. दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी मोटरघरापाशी चक्कर आली. भरमूनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम उतरलंय. सलाईन लावायला आले, तेव्हा मी बाटली वाचली. ते मिठाचंच पाणी. मी परत पाठवलं. आई बाहेर बाकावर बसून रडली.

रागावू नकोस. पोरांसमोर मी कधी शब्द फिरवला नाही, आता कसा फिरवू ते कळत नाही.

तुझा आप्पा


बेळगाव,
५ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

काल सुट्टी काढून मी तुम्हाला न सांगता महाराजांकडं जाऊन आले. ते म्हणाले की चुकून घेतलेल्या नियमाला प्रायश्चित्त आहे, पण ज्यानं घेतला त्यानंच येऊन मागायला हवं. मुलीनं मागून चालत नाही. तबकड्या मी पाठवल्या, निळी मी पाठवली. झोप लागत नाही, आप्पा. मला भीती वाटते.

म्हणून मीही तिथंच नियम घेतला. तुम्ही मीठ सुरू करता असं तुमच्या हातचं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत मलाही मीठ त्याग. आईचा फोन चालणार नाही. आज दुसरा दिवस.

तुमचीच हट्टी

ब्राह्मी


निपाणी,
९ सप्टेंबर २०२५

चि. ब्राह्मीस अ. उ. आ. आणि उत्तम क्षमा.

तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं. मग भरमूच्या मोटारसायकलवर मागं बसून महाराजांकडं गेलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच कबूल केलं की माझा हात तेवढा राहिलेला नाही, आणि हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कुणी हसलं नाही. महाराजांनी एकशे आठ जपांच्या अकरा माळा सांगितल्या. मी मोकळा झालो.

घरी आईनं मिठाची आमटी वाढली. घास उचलला आणि तू तिकडं अळणी खात असशील हे आठवलं. घास खाली ठेवला. पुन्हा अळणीच जेवलो. आई म्हणाली, बापलेकीनं मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलंय.

हे पत्र टपालात टाकलं तर तीन दिवस जातील, तेवढे दिवस तुला अळणी ठेवायची माझी छाती नाही. त्यामुळे ते पेटीत न टाकता खिशात ठेवतो. उद्या सकाळच्या बसनं आई आणि मी निघतो. आईनं डबा बांधायचं ठरवलंय. ऑफिसातून लवकर ये, एवढा निरोप आई तुला फोनवर देईल. मी मीठ सुरू करतो असं लिहिलेलं हे पत्र तुझ्या हातात देईन, आणि सूर्य मावळायच्या आत तिघं एका ताटात जेवू. पहिला घास तू घे.

हरलेला,

तुझा आप्पा