घरी बाकी कुणी नाय

मंगळवार, संध्याकाळ

क्रिमिनॉलॉजीच्या वर्गाला आज जेल दाखवायला नेलं. सरांनी बोलायला जो कैदी समोर बसवला, तो माझा दादा निघाला. पाचोडच्या बाजारातल्या मारामारीत अडकलेला. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"घरी कोण कोण असतं?" सरांनी विचारलं.

"आई. बाकी कुणी नाय."

कुणी नाय! माझी अब्रू राखायलाच म्हणाला ना? पोरी ते उतरवून घेत होत्या. माझा हात चालेना. मी उठलेच. "सर, हा माझा सख्खा भाऊ आहे."

दादा रडायला लागला. "कशाला बोललीस गं? तू तरी सुटली होतीस यातून."

परतताना बसमध्ये माझ्या शेजारी कुणीच बसलं नाही. उद्या वर्गात कशी जाऊ? आणि नाही गेले, तर दादाला काय सांगू?