तबूकच्या ग्रीनहाउसमधली ती सकाळ

अब्बा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी मनातसुद्धा तुमच्याशी भांडले नाही. आज भांडायचं आहे.

तुमचे जावई सौदीत अल-खोबरला इंजिनिअर आहेत आणि मी इथल्या भारतीय शाळेत अकरावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. गेल्या महिन्यात मुलींना एका जुन्या ग्रीक नाटकाची गोष्ट सांगत होते. एक मोठा योद्धा असतो. मेलेल्या वीराची शस्त्रं आपल्यालाच मिळणार अशी त्याची खात्री असते आणि ती दुसऱ्यालाच मिळतात. अपमानाने पेटून तो सरदारांना मारायला निघतो, तेव्हा एक देवी त्याची बुद्धी फिरवते. माणसं समजून तो गुरंमेंढरं कापत सुटतो. देवी तेवढ्यावर थांबत नाही. ज्याला शस्त्रं मिळाली त्या वैऱ्याला बोलावून ती त्याला हा तमाशा दाखवते, त्याने हसावं म्हणून. तो हसत नाही, त्याला दया येते. योद्धा शुद्धीवर येतो, भोवती बघतो आणि लाजेपायी स्वतःचा जीव घेतो. इथपर्यंत माझा आवाज नीट होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, बट ही वॉज सिक, ना? देन व्हाय शुड ही बी अशेम्ड?" आणि मला वर्गाऐवजी आपली पडवी दिसायला लागली.

मी बारा वर्षांची आहे. तुम्हाला सौदीतल्या तबूकच्या शेतावरून परत आणून तीन महिने झालेत. पडवीतल्या बाकावर रायगडकडचे ते गृहस्थ बसलेत, ज्यांना तुमच्याऐवजी शेतावर फोरमन केलं होतं. आठ वर्षं तुम्ही त्या जागेची वाट बघत होतात. ते खाली मान घालून अम्मीला सांगताहेत आणि मी दाराआडून ऐकते आहे. तुम्ही कितीतरी दिवस झोपला नव्हतात. एका सकाळी छाटणीचा चाकू घेऊन ग्रीनहाउसमध्ये शिरलात. दोऱ्यांवर चढवलेले काकडीचे वेल, माणसाच्या उंचीचे. तुम्ही ते एकेक करून कापत गेलात आणि राहायचा परवाना काढून घ्यायला माणसं आल्यासारखे ओरडत होतात, "माझा इकामा घ्यायला आलात काय!" तीन रांगा आडव्या केल्यावर मध्येच खाली बसलात. लोक दाराशी गोळा झाले होते, कोणी हसतही होतं. त्या गृहस्थांनी सगळ्यांना हाकललं, तुमच्या हातातून चाकू घेतला, कापलेले तळवे धुतले आणि अंगावर आपलं जाकीट घातलं. शेताचा मालक, तुमचा कफील, पोलिसांना फोन लावत होता. त्याला ते म्हणाले, "हा आजारी आहे. आजारी माणसाला पोलीस कशाला? मी त्याला घरी पोचवतो." आणि विमानात तुमच्या शेजारी बसून त्यांनी तुम्हाला मुंबईपर्यंत आणलं.

मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आलात. तुमचा आवाज मी पहिल्यांदाच इतका थंड ऐकला. "त्याला चहा द्यायला कोणी सांगितलं तुला?" अम्मी मध्ये पडली, "अहो, तब्येत बिघडली होती तुमची. अल्लाहने आजमाईश घेतली." तुम्ही म्हणालात, "अल्लाहला मध्ये आणू नकोस. माझ्या हातांनी केलं ते, मीच केलं." आणि दार लावून घेतलंत. ते दार अकरा वर्षं बंद राहिलं. जुम्म्याच्या नमाजलाही तुम्ही सगळे आत गेल्यावर जायचात आणि सगळ्यांच्या आधी निघायचात. डॉक्टरचं नाव काढलं की जेवण सोडायचात. त्या योद्ध्याला एका दिवसात जे जमलं, त्याला तुम्ही अकरा वर्षं घेतलीत, एवढाच फरक.

मला तुमचं पटत नाही, अब्बा. तुम्ही केलं नाही, तुम्हाला झालं. माणसाला वेडं करून वर त्याचा तमाशा दाखवणारी ती देवी त्या नाटकात राहू दे. माझा अल्लाह कोणाला हसत नाही. लाजायचंच असेल तर दाराशी उभं राहून हसणाऱ्यांनी लाजावं. मी त्या मुलीला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. माझे वडील तबूकला असेच आजारी पडले होते." आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मोठ्याने बोलले आणि मला काही झालं नाही.

झालं ते नंतर. वर्गात आपल्या गावाकडच्या दोन मुली आहेत. आठवड्याभरात बातमी रियाधला माझ्या भाईपर्यंत गेली. त्याचा फोन आला, "माझ्या मुलीचं जुळत आलंय, आणि तू घरातलं वेड वर्गात सांगत सुटलीस? महिनाभर थांबता आलं नसतं तुला?" मी म्हटलं, "तीस वर्षं थांबलो आपण." तो म्हणाला, "त्यांना सांग की मुलींचा गैरसमज झाला." मी नाही म्हटलं. मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा जे खरं ते सांगितलं, ग्रीनहाउसमधल्या त्या सकाळीसकट. त्यांनी चार दिवसांनी नकार कळवला. भाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पण त्याच्या मुलीने फोन केला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "फुफी, मला रागच आलाय तुझा. पण लपवून लग्न झालं असतं तर मी कायम घाबरत राहिले असते." मग तिने विचारलं, "दादाअब्बा कसे होते गं?" या घरात तुमच्याबद्दल तसं कोणीच विचारलं नव्हतं. मी तासभर बोलत होते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय भरायचा होता. तुम्ही आत, दाराच्या पलीकडे होतात. मी लिहिलं, तबूकला नोकरी. मैत्रिणींनाही पाच वर्षं तेच सांगितलं आणि एकीलाही कधी घरी आणलं नाही.