येतो म्हणायचं नाही

मंगळवार, ११ जुलै २०१७

दुपारी दर्यापूरला पोहोचले. एसटीत खिडकीची जागा मिळाली, पत्र्याची पेटी शाबूत आली आणि खोली सांगितली होती तशीच निघाली. पूर्वेला खिडकी, भिंतीत दोन फडताळं, खाली अंगणात कडुनिंब. अकोल्यात एकोणतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून घंटेवर जगले. आज पहिल्यांदा स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं. प्रसन्न वाटलं.

घर नसीमबानोंचं. खाली रस्त्याकडे त्यांचा थोरला मुलगा शाहनवाज याचं संगणक केंद्र आहे. पीकविम्याचे अर्ज भरायला त्याला माणूस हवा होता. मी जुनी बी.एस्सी. आहे आणि टंकलेखन अचूक आहे. काम ठरलं.

नसीमबानोंनी चहा देताना विचारलं, मागे-पुढे कोण हाये? कोणी नाही, म्हटलं. लग्न केलं नाही, एक भाऊ होता तो वारला. त्या म्हणाल्या, "मंग आमीच तुमचे." बरं वाटलं. संध्याकाळी बाजारात निघताना मी "जाते" म्हटलं तर धावत दारापर्यंत आल्या. "जातो नोका म्हनू, बाई. येतो म्हना." मी हसले आणि "येते" म्हटलं.

शुक्रवार, १४ जुलै

पावसाने दडी मारली आहे. अर्ज भरायला येणारे निम्मे लोक दुबार पेरणीच्या गोष्टी बोलतात. सकाळी नऊला रांग लागते. एकच्या सुमारास संकेतस्थळ बंद पडतं ते चारपर्यंत उठत नाही.

त्या वेळात इथे खेळ चालतो. शाहनवाज, त्याची बहीण कहकशाँ आणि शेजारचा गजेंद्र कानाला हेडफोन लावून बसतात. चौथा धाकटा भाऊ इमरान. तो अकोटला कापसाच्या जिनिंगच्या कार्यालयात कारकून आहे. हंगाम नसल्याने तिथूनच खेळतो. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त आवाज ऐकला. पाच जणांनी मिळून एक किल्ला घ्यायचा, त्याला ही मुलं रेड म्हणतात. सात दारं आहेत. दोन महिने झाले, तिसऱ्या दाराशी मरतात. पाचवा रोज कोणीतरी अनोळखी धरून आणतात.

अर्धा तास पाहिलं. चौघे एकदम ओरडतात. वसतिगृहात जिलेबीच्या दिवशी व्हायचा तसा गोंधळ. न राहवून मी सांगितलं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गजेंद्र म्हणाला, "म्याडम, मंग तुमीच बसा ना." बसले.

बुधवार, १९ जुलै

सुधारणा आहे. स्टीलच्या ताटात किल्ला मांडते. गजेंद्र ढालवाला, तो तुरीचा दाणा. जखमा भरून काढणारी कहकशाँ सोयाबीनचा. कोणी कुठे उभं राहायचं ते ताटात पाठ झाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. प्रत्येक पराभवानंतर वहीत "मेलो कशाने" हा रकाना ज्याचा त्याने भरायचा. दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही. तीनदा हरलो की उठायचं. आणि मोजायचं, मोठ्याने, माझ्या लयीत. द्वारपाल दर सातव्या अंकाला वार करतो, हे दोन महिन्यांत एकालाही दिसलं नव्हतं. गजेंद्र म्हणतो, "म्याडमनं तं होस्टेलच उघडून देल्लं इथं."

आज पाचव्या दाराशी मेलो, ते मात्र एका शब्दाने. इमरानला साहेबांनी हाक मारली. तो "येतो" म्हणून उठून गेला. आम्हाला वाटलं, दाराशी येतोय. वाट पाहत उभे राहिलो आणि सगळे कापले गेलो.

नियम केला, वहीत लिहिला आणि इथल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. उठून जायचं असेल तर "जातो" म्हणायचं. "येतो" म्हणजे फक्त येतो, तुमच्याकडे येतो. कहकशाँने हळूच सांगितलं, अम्मीला हे आवडणार नाही. मी म्हटलं, अम्मी रेडमध्ये नाहीत.

सोमवार, २४ जुलै

सहावं दार पडलं. शाहनवाजने रस्त्यावरच्या लोकांना बोलावून कचोऱ्या वाटल्या. कहकशाँ माझ्यासाठी कमी साखरेचा चहा वेगळा करते. आज म्हणाली, मी तुमच्या होस्टेलात असती तं किती चांगलं झालं असतं. निवृत्तीच्या समारंभात सतरा भाषणं ऐकली, त्यांत असं वाक्य नव्हतं.

शुक्रवार, २८ जुलै

जिंकलो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

सातव्या दाराला साखळी आहे. एकाने ती धरायची, सातव्या अंकाला ओढायची, तेवढ्यात चौघांनी निसटायचं. पडद्यावर मोडक्या मराठीत लिहून येतं, "साखळी धरणारा धरून राहील." गजेंद्र हसला, "घ्या, खेळालेही वऱ्हाडी येते. धरून रायला म्हने!" वऱ्हाडीत त्याचा अर्थ नुसता 'धरतो आहे' असा होतो.

साखळीसाठी मी इमरानला नेमलं. हात सगळ्यांत स्थिर त्याचा. त्याने बरोबर ओढली. आम्ही बाहेर पडलो, दार मिटलं. हेडफोनमधून तो म्हणाला, "जातो, म्याडम." नियमाप्रमाणे. मी शाबास म्हटलं.

एक गोष्ट नोंदवते. इमरान खेळातून बाहेर गेल्याचं यादीत दिसतं. पण दाराच्या फटीतून त्याची आकृती दिसते. साखळी धरून उभी.

शनिवार, २९ जुलै

अकोटहून निरोप आला. इमरान काल दुपारपासून खुर्चीतून उठलेला नाही. डोळे उघडे आहेत, माणसं ओळखत नाही. माऊसवरचा हात निघत नाही. शाहनवाज जीप करून गेला.

सोमवार, ३१ जुलै

त्याला घरी आणलं. माझ्या शेजारच्या खोलीत ठेवलंय. माऊस मुठीतच आहे, वायर कापलेली. दोन डॉक्टर येऊन गेले. एकाने धक्का म्हटलं, दुसऱ्याने नाडी पाहून पिशवी उचलली. चमच्याने पाणी पाजलं तर ओघळून जातं. असा किती दिवस टिकेल, हे कोणी बोलत नाही.

मी पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. ओठ हलत होते. वाकून ऐकलं. एक, दोन, तीन. सातपर्यंत. पुन्हा एक. माझ्याच लयीत.

भिंतीतून ऐकू येतं. दिवसभर.

मला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. नसीमबानो फक्त एकदा म्हणाल्या, जातो म्हनाले लावलं तुमी त्याले.

मंगळवार, १ ऑगस्ट

शाहनवाज आणि मी पुन्हा किल्ल्यात गेलो; एकदा जिंकलेल्यांना पाच जण लागत नाहीत. इमरानची आकृती तिथेच आहे. जवळ गेलं की अक्षरं येतात, "धरणारा बदलेल?"

शाहनवाजचं म्हणणं, दुसऱ्याने साखळी धरली की इमरान सुटेल. मग आतल्या बाजूने दाराची खीळ काढायची आणि धरणाऱ्यालाही सोडवायचं. दोन मिनिटांचं काम. कोण धरणार, हे त्याने विचारलं नाही. कहकशाँ ताटातले दाणे बोटाने सरकवत होती. वर बघेना.

मी नेमलं होतं, मीच धरीन, म्हटलं. तिने माझा हात घट्ट दाबला. हात थंड होता.

बुधवार, २ ऑगस्ट

गजेंद्र चार दिवसांनी आज दिसला. आत येईना. जिन्याच्या पायरीवरूनच म्हणाला, "म्याडम, साडेअकराची गाडी हाये. अकोल्याले निघून जा." का, विचारलं. तो म्हणाला, खीळ-बीळ काई नाई तिथं. मी पायलं हाये. मी त्याला झापलं. रेड सोडून पळालेल्याने शिकवू नये, म्हटलं. तो दोन पायऱ्या उतरला. मग वळून म्हणाला, "तुमाले इचारलं होतं ना, मागं-पुढं कोन हाये म्हनून?"

गेला. भिंतीपलीकडे इमरानचा आवाज बारीक झालाय. पाच आणि सहा ऐकूच येत नाहीत.

उद्या दुपारी.

गुरुवार, ३ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाचता यावं.

एक वाजता बसलो. कहकशाँ, शाहनवाज, मी. दार उघडलं. मी साखळी धरली. सातला ओढली. इमरानची आकृती हलली, माझ्या अंगावरून बाहेर गेली.

वर काहीतरी टपकन पडलं. माऊस. मग नसीमबानोंचा आवाज, रडण्याचा, आनंदाचा. इमरान अम्मी म्हणाला. स्पष्ट ऐकलं. सुटला पोरगा. बरं झालं.

उजवा हात निघत नाही —

शाहनवाजला म्हटलं, आता खीळ. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. वायरची सरळ घडी घालून, मी शिकवलं तसं. कहकशाँ उठली. मी हाक मारली. दोघं शटरपाशी गेले. तिने वळून पाहिलं. रडत होती.

म्हणाली, "येतो, म्याडम."

शटर खाली आलं. फटीतून ऊन येतंय. रस्त्यावर ऑटो, भाजीवाला. ओरडते आहे. आवाज फक्त हेडफोनमध्ये —

पाच. सहा. मध्येच मोजलं जातं. मी मोजत नाही —

वर माझ्या खोलीत झाडू फिरतोय. नसीमबानोच झाडतात, त्यांचा हात ओळखते. माणूस घराबाहेर पडलं की लगेच झाडायचं नाही, परत यायचं असतं त्याला, हे त्यांनीच मला — पेटी सरकवली. माझी पेटी.

नाही. ती येतो म्हणाली. जातो नाही म्हणाली. दोन आठवडे एकानेही नियम मोडला नाही. वहीत लिहिलाय, सगळ्यांच्या सह्या —

तीन. चार.

तिची सही पहिली आहे. येतो म्हणजे तुमच्याकडे येतो. येतो म्हणजे ये