माळढोक राहिला, सुनंदा झोपली

२७ डिसेंबर, संध्याकाळ
वाळवंटातलं अभयारण्य, तंबूबाहेर बसून

माळढोक दिसला नाही, आणि उद्या तर परत निघायचंय. वाईट वाटतंय का? थोडं वाटतंय. दर सुट्टीत फिजिक्सचे क्लास घेत आलो, इतक्या वर्षांनी चार दिवस काढले ते याच पक्ष्यासाठी.

सकाळी पोचलो, वाळूच्या टेकड्यांवरून भटकून आलो आणि दुपारी सुनंदा तंबूत आडवी झाली. आतून चेन लावून घेतली! मी बघतच राहिलो. आमच्या लग्नाआधी भूकंपात निलंग्याकडचं तिचं माहेरचं घर कोसळलं, त्यात धाकटी बहीण गेली. तेव्हापासून लातूरच्या घरातही ती दाराशीच अंथरूण घालते, कडी लावू देत नाही. लग्न झाल्यापासून तिला गाढ झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं.

तासाभरानं वाटाड्या पळत आला. जवळच माळढोक उतरलाय, लगेच चला म्हणाला. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं. उठवावं? एकट्यानं जावं? पण बंद तंबूत एकटीच जागी झाली तर? मी नको म्हटलं. तो चिडून गेला.

उठल्यावर तिला सांगितलं, तर माझ्यावरच उखडली.

"अवो, हाक मारायची न्हाई का?"

"लई दिवसांनी झोपली होतीस."

तिनं तंबूच्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हितं पडलंच, तर कापडच पडंल की अंगावर."

आता चहा ओतताना म्हणते, लातूरला गच्चीवर असाच तंबू टाकू. मी हसलो. ती हसली नाही. पाण्याच्या टाकीशेजारची जागासुद्धा तिनं ठरवून टाकलीय.