वखारीत आवरलेला राग

प्रिय दामूच्या बाबांस,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. मुरबाडहून तुमची बहीण येईल, किन्हवलीचे भाऊबंद येतील आणि सगळे म्हणतील, माणूस तापट होता, पण मनाचा चांगला. मी पदर डोळ्यांना लावीन. त्याआधी तुम्हाला खरं सांगावं, म्हणून चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं आठवत लिहायला बसले आहे.

सांगायची लाज वाटते. तुम्ही गेलात त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी तुमच्या बहिणीनं हलवून उठवलं. "वैनी, मला वाटलं तू रडून रडून जागीच असशील," म्हणाली. मी मान खाली घातली. पुढं माझं पोटातलं दुखणंही गेलं, वैद्याच्या पुड्यांनी न गेलेलं. बायका म्हणाल्या, सावरली बिचारी. नवरा गेल्यावर जिच्या अंगाला बरं वाटतं, तिला काय म्हणायचं हो?

तुमचा राग लग्न झाल्यापासून पाहिला. कपाळाची शीर फुगायची, ओठ पांढरे पडायचे, मग हाताला लागेल ते भिंतीवर. मी म्हणायचे, स्वभावच आहे, आवरत नाही त्यांना.

मग एकदा तुमच्यासोबत गाडीवर बसून स्टेशनाजवळच्या गवताच्या वखारीत आले. लढाई चालू होती, पलटणीच्या घोड्यांसाठी गवताला मागणी होती. तरी कारकुनानं तुम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं आणि चारचौघांत विचारलं, "वजन वाढवायला पाणी मारून आणलंस काय रे?" तुम्ही हसलात. हात जोडलेत. वाटेत बैलांशीही बोलला नाहीत. घरी भाकरीची कड करपली म्हणून तवा अंगणात भिरकावलात.

तेव्हा मी विचारलं. कसं धाडस झालं कोण जाणे. "वखारीत आवरला तो राग घरात का नाय आवरत?"

तुम्ही मारलं नाहीत. तांब्या उचललात, घटाघट पाणी प्यायलात. म्हणालात, "तिथं बोललो तर उद्यापासून माझं गवत घेनार नाय. तू कुठं जातेस?"

जिला जायला जागा नाही तिच्यावर राग काढायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं तर! त्याची लाज तुम्हालाही वाटली असावी. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

वैद्य बजावत होता, छाती जपा. शेवटी बांधावरून भावाशी भांडताना तुमचा शब्द अर्ध्यावर राहिला. भातात खाली बसलात ते उठलाच नाहीत.

हे सगळं आज का लिहिते? परवा आपल्या सुनेच्या, सुंदराच्या हातून श्राद्धासाठी जमवलेलं तूप सांडलं. मी ओरडले. कान तापले, छाती धडधडली, हात उगारला गेला. आणि खरं सांगू? क्षणभर बरं वाटलं, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं. सुंदरा भिंतीला चिकटून उभी होती. "आत्या, पुसते मी. मारू नका," म्हणाली.

चुलीपुढं बसून मी स्वतःला विचारलं, तुपासाठी एवढं? मी तुमच्यावर चिडले होते. काही कबूल न करता निघून गेलात म्हणून. तुम्ही समोर नव्हता, ती होती.

आज सकाळी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "परवा राग तुझ्यावर नव्हता, पन भोगलंस तू." ती भांडं घासत राहिली. विश्वास बसायला वेळ लागेल, आणि तिचं काही चुकत नाही.

उद्या पान वाढीन, नमस्कार करीन. मला तुमचा अजून राग येतो. तो यापुढं तुमच्यापाशीच बोलेन, शेतात एकटी असताना. सुंदरापर्यंत त्यातला एक शब्दही जाऊ देणार नाही. एवढं वचन.

तुमची,
दामूची आई