डाव्या पंखातली नळी

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. त्यावर चक्क पत्ता आहे, म्हणजे पंधरा दिवस तरी एका जागी टिकलीस. मामीला खरं वाटेना.

विमानाचा डावा पंख परवा बंद केला. पत्रा लावून एकशे बेचाळीस रिवेट मारले, दंड अजून ठणकतायत. रविवारी, २७ तारखेला, मी पहिल्यांदा उडणार. पाच वर्षं गॅरेजात पडलेलं धूड आता हवा मागतंय.

एकच गोष्ट खुपते. पंखाखालची पिटो नळी तू बसवलीस, मी दाढ काढायला गेलो होतो त्या दुपारी. समोरचा वारा त्या नळीत शिरतो आणि त्यावरून काटा वेग सांगतो. वरच्या थंडीत तिच्या तोंडावर बर्फ धरू नये म्हणून आत तापणारी तार आहे. तापली की थेंब टाकला तर चरचरतो. म्हणून तिच्यामागे पहिली हातभर नळी धातूची, पुढे प्लास्टिकची, हे तुला दहादा सांगितलं होतं. धातूची जोडलीस ना? प्लास्टिक थेट लागलं असेल तर वितळेल, काटा खोटं बोलेल, आणि वेग कमी पडलेलं विमान दगडासारखं खाली येतं.

फोनवर तू हो म्हणून मोकळी होतेस. लिहून कळव. ज्याने काम केलं त्याचा कागद वहीत चिकटवल्याशिवाय मी उडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आणि माझा अकरा नंबरचा पाना तुझ्या पिशवीतून गेलाय. लोभ जवळ ठेव, पाना पाठव.

तुझा मामा

११ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पाना माझ्याकडे नाही! पिशवी उलटी करून बघितली. तीन मोजे, एक शिट्टी आणि कुणाची तरी चावी निघाली. काही हरवलं की भिंगरीने नेलं, ही तुमच्या घरची जुनी रीत आहे.

इथे डोंगरातल्या लॉजवर चादरी बदलते, शेगडी सांभाळते. काल एक पाहुणा सायकलला अख्खं दार बांधून आला. बहिणीच्या नव्या घराला दार नाही म्हणे, तीन दिवस चालवतोय. मी विचारलं, वाटेत कुणी टकटक केली का. हसला नाही. दमला असेल.

हां, नळी. धातूचीच जोडली. नक्की. चिकटव वहीत.

मामीला नमस्कार. उडताना खाली बघ, मी हात हलवतेय असं समज.

पाना न नेलेली तुझी,
भिंगरी

२१ ऑक्टोबर

ती. मामास,
घाईचा नमस्कार.

मागचं पत्र वहीतून काढ. उडू नकोस.

काल मालकिणीने विचारलं, शेगडी बंद केलीस का. मी म्हटलं, हो, नक्की. मग उगाच जाऊन बघितलं. शेगडी जळत होती, वरचं पातेलं कोळसा झालं होतं. माझं ते ‘नक्की’ कानातून जाईना. तुला लिहिलेलं अगदी त्याच चालीचं होतं.

त्या दुपारचं खरं ते लिहिते. धातूची नळी माझ्या हातात होती, एवढं आठवतं. तेवढ्यात दारासमोरून मधमाश्यांचा थवा गेला, ढगच्या ढग, घोंघावत. मी त्यांच्यामागे पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. टाकीच्या शिडीला त्या दाढीसारख्या लोंबल्या. किती वेळ बघत होते कोण जाणे. परत येऊन शेवटची पट्टी आवळली, तेही आठवतं. मधलं काहीच नाही. धातूची जोडली की हाताला आली ती प्लास्टिकची, मला माहीत नाही. हे तीन शब्द लिहिण्याआधी सकाळपासून चार कागद फाडले.

फोन परवापासून मेलाय. खाली जायची बस आज सकाळीच गेली, पुढची थेट सोमवारी. टपालवाला सायकलवर टांग टाकून उभा आहे, त्याच्या हातापाया पडून हे थैलीत घालतेय. रविवारच्या आत पोचलं नाही तर काय, तो विचार मी पुढे नेत नाही.

एकशे बेचाळीस रिवेट, ठाऊक आहे मला. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पंख उघड.

तुझ्या रागाचीसुद्धा हक्कदार,
भिंगरी

२८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
मामीचे आशीर्वाद.

ह्यांना लिहिता येत नाहीये म्हणून मी लिहितेय. जीव टांगू नकोस, रिवेट काढून काढून हाताला फोड आलेत, एवढंच.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी आलं. टाकी भरून झाली होती, चाकांखालच्या पाचरी तेवढ्या काढायच्या बाकी होत्या. ह्यांनी उभ्याउभ्याच पत्र दोनदा वाचलं आणि ड्रिल उचललं. मी म्हटलं, पोरीला धड आठवत नाही, तेवढ्यावर पंख फोडणार का. तर म्हणाले, तिला आठवत नाही हेच पुरे.

काल दुपारी पत्रा निघाला. तुझी नळी बघितली. हातभर धातू, मग प्लास्टिक, पट्ट्या एका रेषेत. दृष्ट लागावी असं काम. मी म्हणणारच होते की गेली मेहनत पाण्यात. पण ह्यांचा हात आतच थांबला. दोन खण पलीकडे, विमान वळवणारी झडप हलते ना, तिच्या दांड्याला टेकून अकरा नंबरचा पाना पडला होता. चिंधीत गुंडाळलेला, म्हणून कधी खडखडला नाही. चिंधी ह्यांच्याच निळ्या सदऱ्याची, आणि तो सदरा मी फाडला तू गेल्यावर आठवड्याने. हवेत पंख कलला असता तर पाना सरकून दांड्याखाली पाचरीसारखा अडकला असता. मग विमान ज्या कुशीवर वळलं त्याच कुशीवर राहिलं असतं.

ह्यांनी पाना पुसून खिशात टाकला. मग वही मागितली.

वहीत तुझी दोन्ही पत्रं आहेत, एकाखाली एक. खालची ओळ मात्र मला लिहू दिली नाही. फोडांच्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतः लिहिली: पाना पंखात मी विसरलो, आळ भिंगरीवर घेतला.

पंख उघडाच ठेवलाय. भिंगरी आत हात फिरवून बघेल, तिसरा कागद लिहील, मगच पत्रा लागेल म्हणतात. तेव्हा पुढच्या सोमवारची बस धर. लोभ पत्रातून नको, सोबत घेऊन ये. आणि वाटेत मधमाश्या दिसल्या तर खुशाल दुसरीकडे बघ.

तुझी,
मामी