समान संधीचं बेट

४ मार्च

आली! दोघांनाही लिंक आली, एकाच सकाळी. हा बाथरूममधून ओरडला, "तुला पण?" – त्या 'पण'मध्ये काय काय होतं ते सवडीने लिहीन. आता भिंगरी दुधाचा पेला उपडा करून बसलीय आणि वर मलाच विचारतेय, "कोणी सांडलं?"

५ मार्च

तर प्रकार असा. दोघांनी अर्ज केलाय ती कंपनी कन्सल्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांनी आपले धंदे कसे चालवावेत याचा सल्ला विकणारी. इंटरव्ह्यूच्या आधी एक खेळ खेळायला लावतात. खराखुरा कॉम्प्युटर गेम! समुद्रात एक बेट. शेवाळं, खेकडे, मासे, शार्क – भली मोठी जंत्री समोर. त्यातले थोडेच निवडायचे आणि अशी साखळी लावायची की प्रत्येकाला पोटभर मिळेल आणि कुणाचाच समूळ फडशा पडणार नाही. वेळ संपला की संपलं. ओळख नको, वशिला नको. "प्रत्येकाला समान संधी," असं त्यांच्या पत्रात ठळक अक्षरांत छापलंय.

मला हे फार आवडलं. तीन वर्षं घरी आहे मी. आधी याची बदली, मग भिंगरी, मग परत याची बदली. त्याआधी कारखान्यातला कुठला माल कधी कुठे पोचायला हवा, हे मी ठरवायचे. माझ्या सहीशिवाय गाडी हलत नव्हती! आता कुठेही अर्ज केला की पहिला प्रश्न – "मधली तीन वर्षं काय करत होतात?" बेटावरचे मासे तरी असलं काही विचारणार नाहीत.

ही नोकरी मला हवीय. अगदी लाजलज्जा सोडून हवीय.

७ मार्च

याने ऑनलाइन क्लास लावलाय. क्लासवाले सर म्हणतात, कंपनी नुसतं उत्तर बघत नाही, तुमचा माऊस कुठे थांबला, कुठे घुटमळला, तेही टिपून घेते. झालं! काल संध्याकाळभर हा माऊस थांबवायची प्रॅक्टिस करत होता. हनुवटीला हात लावून, भुवया आवळून. अरे, तिथे कॅमेरा नाहीये, म्हटलं. "सवय लागते गं तशी," म्हणाला. विचार करतोय असं दाखवायला इतका विचार करावा लागतो की खऱ्या विचाराला जागाच उरत नाही. मासे धडाधड मेले.

माझं साधं आहे. तळापासून सुरुवात. आधी शेवाळ, मग ते खाणारा, मग त्याला खाणारा. भिंगरीला मांडीवर घेऊन करते. ती प्रत्येक माशाला विचारते, "जेवलास का?" क्लासवाल्या सरांपेक्षा हिलाच जास्त कळलंय.

९ मार्च

सासूबाईंचा फोन. "तूही बसणार आहेस का गं परीक्षेला? मग पोरीकडे कोण बघणार?"

म्हटलं, आई, परीक्षा कसली, खेळ आहे नुसता.

"मग खेळ हो, खेळ," म्हणाल्या. मिरच्या झोंबल्या मला.

१२ मार्च

खेळले. भिंगरीला शेजारच्या काकूंकडे सोडलं, दार लावलं, फोन बंद केला. मग बेट समोर आलं आणि बाकी जग पुसलं गेलं. साखळी लागली! एकही मेला नाही. वेळ उरला म्हणून पुन्हा तपासली. पक्की.

किती दिवसांनी स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली! येताना काकूंनी विचारलं, "काय गं, आज एवढी खूश?" काही नाही, म्हटलं. मुद्दामच सांगितलं नाही. निकाल लागला की सांगेन.

१६ मार्च

नाही.

१७ मार्च

काल एवढंच लिहवलं. मेलमध्ये जेमतेम दोन ओळी. "आपली कामगिरी आमच्या निकषांवर उतरली नाही." आणि पुढची दोन वर्षं पुन्हा अर्जही करायचा नाही म्हणे. दोन वर्षं! म्हणजे रिकामी वर्षं पाच होणार, मग तर कोण दारात उभं करणार मला?

हा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? खेळच तर होता." आणि त्याच्या चेहऱ्यावर – लिहू का? लिहितेच – सुटल्यासारखं होतं.

२० मार्च

याची पाळी. शेवटचा सराव म्हणून बसला तर शार्क मेला, खेकडे मेले, शेवटी शेवाळसुद्धा संपलं. शेवाळ कसं संपवतो माणूस?

"तू नुसती शेजारी बस ना," म्हणाला. बसले. घड्याळ सुरू झालं. हे घेऊ का? नको. मग हे? अरे नाही रे! मग माऊस माझ्या हातात कधी आला ते कळलंच नाही. खोटं कशाला लिहू – चांगलं कळलं. मीच ओढून घेतला. माझ्या दिवशी जसं केलं होतं तस्संच केलं. तळापासून, त्याच क्रमाने. हा मागे उभा राहून पाणी पीत होता.

२५ मार्च

हा पास! नुसता पास नाही, उत्कृष्ट! "अत्यंत पद्धतशीर विचारशक्ती," असं लिहिलंय.

तोच हात. तीच पद्धत. लॅपटॉपसुद्धा तोच, माझा! माझ्या नावावर नापास, याच्या नावावर उत्कृष्ट.

"तुझ्या वेळी काहीतरी बारीकसं चुकलं असणार," हा म्हणतो. तोंड वर करून म्हणतो!

२७ मार्च

राहवेना. कंपनीत फोन लावला. भरतीच्या बाई फार गोड बोलतात. माझं नेमकं चुकलं काय, विचारलं. बराच वेळ कीबोर्डची टकटक.

"खेळ तर छानच खेळलात हो तुम्ही. पण आम्ही सगळ्याचा मिळून विचार करतो ना. तुमच्या अर्जात मधे तीन वर्षं रिकामी दिसतात."

"मग खेळ कशाला खेळवलात?"

"सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून, मॅडम."

फोन ठेवला. आधी हसू आलं, मग रडू. भिंगरीने विचारलं, आई का रडतेस? कांद्यावर ढकलावं तर चिरत होते काकडी.

३० मार्च

याला ऑफिसात बोलावलंय. इंटरव्ह्यू, आणि बेट पुन्हा एकदा, त्यांच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या फेरीत जे फारच चमकतात त्यांची अशी खात्री करून घेतात म्हणे. याच्या तोंडचं पाणी पळालं.

"शिकव ना मला. प्लीज. आपल्या घरासाठी."

आपल्या घरासाठी! माझी लिंक आली तेव्हा घर कुठे गेलं होतं?

शिकवतेय. काय करू?

२ एप्रिल

भिंगरी याच्यापेक्षा लवकर बोलायला शिकली. तळापासून, म्हटलं की मान डोलावतो आणि हात जातो थेट शार्ककडे. मोठा मासा दिसला की धीर धरवत नाही याला.

४ एप्रिल

दुपारी फोनवर आपल्या आईशी बोलत होता. मी दाराशीच होते, कपडे घेऊन. "रोज थोडा वेळ हिला घेऊन बसतो गं. नापास झाली ना, तेवढंच मन रमतं. कुठे चुकलं ते समजावून सांगतो."

अंगाचा तिळपापड झाला. कपडे तिथेच टाकावेत आणि फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. नाही घेतला. घड्या घालत बसले.

संध्याकाळी लॅपटॉप उघडून आला. म्हटलं, पुरे आता, येतं तुला. "खरंच?" हो तर!

येत नव्हतं. अजिबात येत नव्हतं. पडू दे तोंडावर. साहेबांसमोर पडू दे.

८ एप्रिल

पडला! बेट पार ओसाड. कुणी म्हणता कुणी उरलं नाही. घरी आला तो बुटांसकट सोफ्यावर बसून राहिला. मी 'अरेरे' म्हटलं, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. इतकं बरं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं. वाईट आहे का मी? असेन. असू दे.

१३ एप्रिल

घेतलं याला.

बेट बुडाल्यावर हा हसून म्हणाला म्हणे, "चुकलंच माझं." ते फार आवडलं साहेबांना. पत्रात तसं लिहिलंय – "स्वतःची चूक मोकळेपणाने मान्य करण्याचं धैर्य."

माझी एकही चूक झाली नव्हती.